माइकसाठी नमद्याची टोपी

उघड्या माळावर पहाटे केलेले माझे पहिले ध्वनिमुद्रण घरी येऊन हेडफोन लावून ऐकले, तेव्हा त्यात पक्षी होते, लांबून वाहणारा ओढाही होता. पण थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी माइकवर उशी आपटावी तसा दणका येई आणि बाकीचे सगळे त्याखाली गाडले जाई. माळावर असा कुठलाच आवाज नव्हता. तो माइकच्या तोंडाशीच तयार होत होता. त्या दिवसापासून मी लोकरीच्या नमद्याच्या, म्हणजे फेल्टच्या, विंडस्क्रीन, म्हणजे वारा अडवण्यासाठी माइकवर चढवायच्या टोप्या, बनवू लागले आणि पाच-सहा टोप्या वाया घालवल्यानंतर त्यातले काही नीट कळले, ते इथे लिहून ठेवते आहे.

वारा माइकच्या जाळीवर आदळला की त्याचे भोवरे होतात आणि त्या भोवऱ्यांमुळे माइकच्या पडद्यावरचा दाब सतत वरखाली होत राहतो. पडद्याला फक्त दाब समजतो. तो पक्ष्याच्या शिळेचा की वाऱ्याच्या भोवऱ्याचा, हा भेद त्याला करता येत नाही. या दोन गोष्टींतली तफावत किती मोठी आहे हे एकदा आकड्यांत पाहिले आणि मग सगळा खटाटोप मला पटला. साधारण बोलण्याच्या पातळीचा, म्हणजे सुमारे ६० डेसिबलचा, आवाज हवेतून जातो तेव्हा हवेचे कण सेकंदाला जेमतेम ०.०५ मिलिमीटर इतक्या वेगाने पुढेमागे हलतात. उलट ताशी १८ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ५ मीटर. अर्थात जवळपास एक लाखपट वेग. विंडस्क्रीनने करायचे ते एवढेच, की हा वाहता प्रवाह माइकपासून लांबच मंद करायचा आणि ती सूक्ष्म हालचाल मात्र आत येऊ द्यायची. असंख्य बारीक छिद्रे असलेले तंतूंचे जाळे हे काम करू शकते, पण ते जाळे पुरेसे विरळ असले तरच.

वाऱ्याची घरघर नंतर संगणकावर काढून टाकता येईल, असे मलाही आधी वाटत असे. या घरघरीतला मोठा भाग खालच्या पट्टीत, साधारण २०० हर्ट्झच्या खाली असतो आणि रेकॉर्डरवरचा लो-कट फिल्टर, म्हणजे खालच्या पट्टीचे आवाज गाळणारी सोय, त्यातला काही भाग खरोखरच कापतो. परंतु वाऱ्याच्या दणक्याने पातळी कमाल मर्यादेच्या वर गेली आणि आवाज फाटला, की त्या क्षणापुरते बाकीचे ध्वनीही हातचे जातात आणि ते कुठल्याही उपायाने परत मिळत नाहीत. म्हणून वारा माइकपर्यंत पोहोचण्याआधीच अडवायला हवा.

लोकरच का, याचे उत्तर तिच्या तंतूत आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि साबण लागला की हे खवले उचलले जातात, आणि तंतू एकमेकांवर चोळले की ते एकाच दिशेने सरकत जाऊन एकमेकांत अडकतात. मागे फिरायला त्यांना वाट राहत नाही. त्यामुळे न विणता, न शिवता एकसंध कापड तयार होते आणि ते हव्या त्या आकारावर थेट घडवता येते. माइकच्या टोपीला शिवण नसणे हा मोठा फायदा आहे, कारण शिवणीपाशी कापड दुहेरी होऊन ध्वनी अडतो आणि टाक्यांच्या भोकांतून वारा शिरतो. इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. बाजारात ‘सुपरवॉश’ म्हणून मिळणारी लोकर घेऊ नये. यंत्रात धुता यावी म्हणून तिचे खवले रासायनिक प्रक्रियेने काढलेले किंवा पातळ लेपाने झाकलेले असतात, आणि ती कितीही चोळली तरी तिचा नमदा होत नाही.

माझी पहिली टोपी दिसायला इतकी सुरेख झाली होती, की ती कितीतरी दिवस मी टेबलावर मांडून ठेवली होती. नमदा घट्ट, गुळगुळीत, कात्रीने कापला तरी धागा न सुटणारा. पादत्राणाला किंवा पिशवीला असाच नमदा लागतो. ती टोपी घालून मी रातकिडे मुद्रित केले आणि ऐकताना वाटले, की कोणीतरी मधले दारच लोटून घेतले आहे. वारा पूर्ण थांबला होता, आणि त्याच्याबरोबर किरकिरीतली धारही गेली होती. घट्ट नमदा हा वरच्या पट्टीतला ध्वनी उत्तम शोषून घेतो. आवाज दाबण्यासाठी त्याचा उपयोग करतात तो याचमुळे. नमदा करणाऱ्याच्या दृष्टीने जे काम पूर्ण झाले, ते माइकच्या दृष्टीने केव्हाच बिघडलेले असते. ही गोष्ट हाताच्या अंगवळणी पडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

त्या पहिल्या टोपीत ३० ग्रॅम लोकर होती. आता मुठीएवढ्या रेकॉर्डरवर बसणाऱ्या टोपीसाठी मी १२ ग्रॅम पिंजलेली मेरिनो लोकर घेते. बबल रॅपचा एक साचा हव्या त्या मापापेक्षा पाव भाग मोठा कापते, कारण नमदा होताना लोकर आटते. साच्यावर लोकरीचे धुक्यासारखे पातळ थर, एक उभा आणि एक आडवा, असे चार थर दोन्ही बाजूंनी घालते आणि कडेचे तंतू दुसऱ्या बाजूवर दुमडून घेते. मग साबणाचे गरम पाणी शिंपडून, वर जुना जाळीदार पडदा टाकून, तळहाताने अगदी हलके चोळायला लागते. सुरुवातीला जोर दिला तर थर सरकतात आणि मध्ये खिडक्या पडतात, म्हणून पहिली पाच-सात मिनिटे हात नुसता फिरवायचा.

कुठे थांबायचे हे चिमटीने ठरवायचे. दोन बोटांच्या चिमटीत वरचे तंतू धरून उचलायचे: ते सुटे वर आले तर काम कच्चे आहे, सगळा पापुद्रा एकत्र उचलला गेला, पण बोटांमध्ये तो अजून स्पंजासारखा मऊ दबतो आहे, तिथे थांबायचे. एरवी याच्यापुढे नमदा गुंडाळून लाटतात, आपटतात, पुन्हा कढत पाण्यात घालतात. ते सगळे इथे टाळायचे. साबण नीट निघावा म्हणून शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालते, साचा काढून घेते आणि टोपी योग्य मापाच्या चेंडूवर चढवून सावलीत वाळवते. वाळल्यावर बारीक तारांच्या ब्रशने बाहेरचा पृष्ठभाग विंचरून लव उभी करते. ही लव शोभेची नाही. वाऱ्याचा पहिला मारा ती सुट्या तंतूंवर घेते आणि नमद्याला कमी काम उरते.

मोजमापाची साधने नसतील तर तळहात पुरतो. टोपी एका हातात ताणून धरायची, दुसरा तळहात तिच्या मागे दोन बोटांच्या अंतरावर ठेवायचा आणि समोरून जोरात फुंकायचे. श्वासाचा झोत सरळ लागला तर नमदा फार विरळ आहे. काहीच जाणवले नाही तर फार घट्ट आहे. नुसती पसरट ऊब जाणवली तर टोपी चांगली जमली आहे. मग तीच टोपी कानावर धरून बाहेरच्या बाजूला अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून पाहायची. तो कोरडा खसखस आवाज जितका स्पष्ट ऐकू येईल तितके बरे. ज्यांना नेमकेपणा हवा आहे त्यांनी स्पीकरवर पिंक नॉइज, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या असलेला सलग खरखराट, लावून टोपीसह आणि टोपीविना मुद्रण करावे आणि दोन्हींचे आलेख एकमेकांवर ठेवावेत. १० किलोहर्ट्झच्या वर दोन-तीन डेसिबलची घट मी चालवून घेते, कारण तेवढी नंतर इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांची पातळी कमीजास्त करण्याच्या साधनाने, भरून काढता येते.

टोपी माइकला चिकटून बसली तर निम्मा उपयोग वाया जातो. भोवरे टोपीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच तयार होतात आणि तो पृष्ठभाग पडद्यापासून जितका लांब, तितका त्यांचा परिणाम कमी. त्यामुळे आतमध्ये स्थिर हवेची दोन सेंटिमीटर तरी मोकळी जागा ठेवावी. त्यासाठी मी केस कुरळे करण्याच्या प्लास्टिकच्या जाळीदार रोलरचा सांगाडा वापरते आणि माइकवर फोमचा पातळ थर ठेवते, म्हणजे सुटलेला एखादा तंतू कॅप्सूलपर्यंत, म्हणजे पडदा असलेल्या माइकच्या आतल्या भागापर्यंत, जात नाही. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या, माइकच्या बाजूच्या खाचा रबराने किंवा चिकटपट्टीने झाकल्या जाणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. त्या बंद झाल्या की माइकची दिशा ओळखण्याची ताकद जाते.

एकदा सगळे जमूनही घरघर थांबेना. नमदा पुन्हा पुन्हा तपासला, विंचरला, फुंकून पाहिला. शेवटी ओले बोट टोपीच्या खालच्या कडेला धरले, तेव्हा केबलच्या भोकापाशी गार झुळूक लागली. वारा खालून आत शिरत होता. तेव्हापासून तळाशी नमद्याची वेगळी चकती आणि तिच्यावर ओवलेली नाडी, एवढे मी कधीच चुकवत नाही.

जोराच्या वाऱ्यात सांगाड्यावर चढवलेली लांब केसांची फरची टोपीच सरस ठरते, हे मान्य करायला हवे. नमदा मंद ते मध्यम वाऱ्यासाठी आहे, आणि पावसासाठी तर मुळीच नाही, कारण भिजला की त्याची छिद्रे पाण्याने भरतात आणि ध्वनी बाहेरच राहतो. लोकर हातांना ओली न लागताही आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा धरून ठेवते, म्हणून धुक्यातून आल्यावर टोपी कोरडी वाटली तरी रात्रभर मोकळ्या हवेत ठेवावी. ती यंत्रात धुऊ नये. तिथे तिचा उरलासुरला नमदा पूर्ण होऊन जातो. कसरीपासून वाचवण्यासाठी ती बंद डब्यात ठेवावी.

सध्या मी स्टिरिओ मुद्रणासाठी जोडी बनवते आहे आणि हे काम वाटले त्यापेक्षा नाजूक निघाले. दोन्ही टोप्यांना तंतोतंत १२ ग्रॅम लोकर, तीही एकाच पुड्यातली, एकच साचा, चोळायला घड्याळ लावून तेवढाच वेळ. तरीही उजवी टोपी किंचित जास्त घट्ट झाली आणि आलेखात तिची वरची बाजू खाली झुकलेली दिसते. ती मी रोज थोडी विंचरून पुन्हा मोजते आहे. काल दोन्ही रेघांमध्ये एक डेसिबलचे अंतर उरले होते.