मावशींनी वचन विचारलं

रविवार रात्र, हर्णै

उपासनेनंतर आज आमच्या बॅप्टिस्ट मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, बैठक होती. विषय साधाच होता. पावसाआधी छपराचे पत्रे बदलायचे, की शिल्लक पैसे नव्या जागेच्या बयाण्याला ठेवायचे? दोन्ही बाजूंनी बोलणं चाललं होतं, तेवढ्यात एक भाऊ उभे राहिले. म्हणाले, "पहाटे प्रार्थनेत प्रभूने मला स्पष्ट सांगितलं, जागा घ्या." झालं, सगळे गप्प. पत्र्यांचा हिशेब मांडून आणलेल्या बाईंनी वही मिटली. देवाच्या विरोधात कोण बोलणार?

मग सुकी मासळी विकणाऱ्या आमच्या मावशी उठल्या. त्या वाचायला शिकल्या पन्नाशीनंतर. अजून ओळीखाली बोट धरून वाचतात, जोडाक्षराशी थांबतात. म्हणाल्या, "दादा, बायबलच्या कुठल्या वचनात आहे ते सांगा, म्हणजे आम्हीपण वाचू." दादांकडे उत्तर नव्हतं. निर्णय पुढच्या रविवारवर गेला.

शास्त्र, म्हणजे बायबल, पुरेसं आहे हे बॅप्टिस्टांचं म्हणणं बऱ्याच जणांना कोरडं वाटतं, पवित्र आत्म्याला दार लावून घेतल्यासारखं. मला ते मावशींसारख्या माणसांचं संरक्षण वाटतं. आमच्यात वर कुणी बिशप नाही. निर्णय सभासदांनी मिळून घ्यायचा आणि त्यात मावशींचं मत पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, मताइतकंच. हे चालतं, कारण सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक आहे आणि ते उघडून कुणीही कुणालाही विचारू शकतं. बिरुया गावातल्या लोकांनी तर प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळून पाहिलं आणि बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्यासाठी त्यांचं कौतुकच आहे. एकाच्या पहाटेच्या अनुभवाला मंडळीवर अधिकार मिळाला की हे पडताळणं संपतं.

इंग्लंडमधल्या बॅप्टिस्टांनी १६७७ साली लिहिलेला आणि १६८९ मध्ये लंडनच्या सभेत मान्य केलेला विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो याची लेखी मांडणी, पहिल्याच प्रकरणात हे सांगतो. तारणासाठी, विश्वासासाठी, आज्ञापालनासाठी लागणारं सगळं शास्त्रात आहे. त्यात कधीही काही वाढवायचं नाही, आत्म्याच्या नव्या प्रकटीकरणानेही नाही आणि माणसांच्या परंपरेनेही नाही. पण त्याच परिच्छेदात पुढे असंही आहे की वचन तारणासाठी समजायला आत्म्याने आतून उजेड द्यावाच लागतो. हे दुसरं वाक्य आम्ही फार कमी वाचतो. आणि उपासनेची वेळ, मंडळीचा कारभार असल्या काही गोष्टी वचनाच्या सर्वसाधारण नियमांना धरून शहाणपणाने ठरवायच्या, असंही तिथेच लिहिलंय. पत्र्यांचा प्रश्न मला तर सरळ त्यातच बसतो.

आम्ही कोकणातली माणसं. माझे आजोबा मुलीचं लग्न ठरवायचं तरी आधी देवळात कौल लावून यायचे. पाकळी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ती रीत मी सोडली, पण होकार-नकार पटकन हातात मिळावा ही ओढ रक्तात आहे, ती बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून जात नाही. आणि एक सांगायलाच हवं. आजोबांचा कौल चारचौघांसमोर पडायचा, पाकळी सगळ्यांना दिसायची. "प्रभूने मला सांगितलं" यातलं कुणालाच काही दिसत नाही.

बैठकीनंतर दादांनी मला एकोणिसाव्या शतकातल्या स्पर्जन या इंग्लिश बॅप्टिस्ट प्रवचनकाराची आठवण करून दिली. प्रवचन चालू असताना स्पर्जनने एका अनोळखी माणसाकडे बोट केलं आणि म्हणाला, हा जोडे बनवणारा रविवारी दुकान उघडतो, गेल्या रविवारी नऊ पेन्स घेतले, त्यात चार पेन्स नफा. ते खरं निघालं. हकीकत स्पर्जनने स्वतः सांगितलेली आहे, मी ती नाकारत नाही. देव काय करू शकतो याला मी कोण हद्द घालणार? पण १६८९ चा तोच विश्वासांगीकार १८५५ मध्ये पुन्हा छापून लोकांच्या हाती देणाराही स्पर्जनच. मंडळीने कशावर चालायचं, हे त्याने त्या नऊ पेन्सांवरून ठरवलं नाही.

आणि विल्यम कॅरी, तो इंग्लिश बॅप्टिस्ट मिशनरी! बंगालमधल्या श्रीरामपुरात बसून वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठी शिकून घेतली, व्याकरण केलं, कोश केला. १८११ मध्ये तिथून मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, छापून निघाला. प्रत्येकाला पहाटे वेगळा निरोप मिळणार असता तर एवढ्या खटाटोपाची गरजच नव्हती. मावशी आज "कुठल्या वचनात" असं विचारू शकल्या, त्यामागे तो खटाटोप आहे.

उद्या संध्याकाळी दादांकडे जाणार आहे. त्यांचं प्रभूवर मनापासून प्रेम आहे, पहाटे चारला उठून ते आमच्या सगळ्यांसाठी प्रार्थना करतात, त्यांना दुखवायचं नाही. याकोबाच्या पत्रातलं पहिल्या अध्यायातलं पाचवं वचन त्यांच्यासोबत वाचायचंय, ज्ञान उणं असेल तर देवाजवळ मागा, तो उदारपणे देतो. मग सांगायचंय, जागा घ्यावी असं वाटत असेल तर ते तुमचं मत म्हणून मांडा. किंमत काय, कागद कसे आहेत, पावसात छप्पर गळलं तर काय करायचं, सगळं बोला. आम्ही ऐकू, सगळे मिळून प्रार्थना करू आणि मग हात वर करून मत देऊ, मावशींसकट.