मंग त्यासनं वावर?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोला लागून फ्लोरिन नावाची वस्ती आहे. आज तिथे दुकानं, अपार्टमेंटं दिसतात. 1942 पर्यंत मात्र हे जपानी शेतकऱ्यांचं गाव होतं, द्राक्षं आणि स्ट्रॉबेरीसाठी नावाजलेलं.

जपानशी युद्ध सुरू असताना, 19 फेब्रुवारी 1942 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक 9066 वर सही केली. पुढच्या काही महिन्यांत जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं. त्यातले जवळपास दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. आरोप नाही, खटला नाही. हातात मावेल तेवढं सामान घ्यायचं आणि निघायचं.

नानांना फोनवर हे सांगत होतो. चोपड्याहून त्यांचा पहिला प्रश्न, "मंग त्यासनं वावर?" केळीचं एक पाणी चुकलं तर काय होतं ते जन्मभर पाहिलेला माणूस आणखी काय विचारणार!

बऱ्याच जणांची वावरं गेली. काहींनी मातीमोल भावाने विकली. पण फ्लोरिनला बॉब फ्लेचर नावाचा शेती निरीक्षक होता. त्याने सरकारी नोकरी सोडली आणि तीन जपानी कुटुंबांच्या द्राक्षबागा स्वतः राबून जगवल्या. कर्जाचे हप्ते भरले, कर भरले. गावातले लोक त्याला 'जपान्यांचा' म्हणून शिव्या घालत. एकदा तर तो कोठारात असताना गोळी झाडली. सगळा नफा तूच ठेव, असं त्या कुटुंबांनी सांगितलं होतं. त्याने निम्माच घेतला. 2013 साली, वयाच्या 101 व्या वर्षी तो गेला.

हे फक्त अमेरिकेचं पाप समजून वाचू नका. 1962 च्या युद्धात आपणही चिनी वंशाच्या सुमारे 3000 लोकांना आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडून उचललं आणि रेल्वेने राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत टाकलं. लेकराबाळांसकट. युद्ध महिनाभरात संपलं, पण काही कुटुंबं वर्षानुवर्षं आतच राहिली. सुटून आले तेव्हा अनेकांची घरं-दुकानं लिलावात गेलेली. आमच्या शाळेच्या पुस्तकात 1962 होतं, देवली नव्हतं.

अमेरिकेने 1988 साली कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले. तरी शत्रुदेशाच्या नागरिकांना धरायची, हाकलायची मुभा देणारा 1798 चा परकीय शत्रू कायदा 2025 मध्ये व्हेनेझुएलाच्या लोकांवर पुन्हा बाहेर काढलाच, तोही युद्ध नसताना.

देवलीत बालपण गेलेली बरीच माणसं आज टोरांटोत म्हातारी झाली आहेत. भारत सरकारने माफी मागावी, एवढंच त्यांचं म्हणणं. ती मागायलाच हवी, आणि ती माणसं आहेत तोवर.