द्राक्ष निर्यातीत घटकांना क्रम लावताना रेसिड्यू बाजूला काढा

नाशिक पट्ट्यातल्या कुठल्याही पॅकहाऊसमध्ये निर्यातीचं यश कशावर ठरतं असं विचारलं, तर पाच मिनिटांत वीस-पंचवीस गोष्टी निघतात. रेसिड्यू (फळात उरलेला औषधांचा अंश), मण्यांची फुगवण, साखर, मजुरांच्या टोळ्या, प्री-कूलिंग (काढलेला माल पाठवण्याआधी थंड करणं), कार्टनचा दर्जा, कंटेनरची उपलब्धता, आयातदार. एकही खोटी नाही. पण पैसा आणि लक्ष मोजकंच असतं, म्हणून त्यातले पाच-सहा कळीचे घटक वेगळे काढून त्यांना क्रम लावावा लागतो. कळीचे घटक वेगळे काढायची ही कल्पना एमआयटीच्या जॉन रॉकार्ट यांनी १९७९ साली रूढ केली, तीही नेमकी या अडचणीतून: साहेबांच्या टेबलावर आकड्यांचा ढीग आहे, त्यातले रोज कोणते पाहायचे?

यादी काढताना "तुमच्या मते महत्त्वाचं काय?" हा प्रश्न टाळावा. त्याला प्रत्येक जण आपल्याच खात्याचं नाव सांगतो. त्याऐवजी मागच्या तीन हंगामांत ज्या कंटेनरवर क्लेम लागला, म्हणजे माल खराब निघाला म्हणून आयातदाराने भरपाई मागितली, त्यांचे कागद काढा: पोहोचल्यावरचा क्वालिटी रिपोर्ट, डेटा लॉगरचा (कंटेनरमधलं तापमान नोंदणाऱ्या यंत्राचा) तापमानाचा आलेख आणि पॅकहाऊसचं आवक रजिस्टर. तिन्ही शेजारी ठेवून बागायतदार, सुपरवायझर, कस्टम एजंट आणि आयातदाराचा माणूस यांना वेगवेगळं बसवून विचारा की हा माल का बिघडला.

एवढं करूनही यादीत एखादी गोष्ट सुटू शकते, आणि जो घटक यादीतच नाही त्याला कुठलीही पद्धत क्रम देऊ शकत नाही. २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचं सीसीसी किंवा लिहोसिन, सापडलं. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून घडनिर्मिती साधायला ते वापरत. तेव्हा निर्यातीपूर्व तपासणीच्या यादीत ते नव्हतं, त्यामुळे इथे सगळे अहवाल स्वच्छ होते. माल तिथे अडकला, बागायतदारांचं अतोनात नुकसान झालं. म्हणून यादी बंद करण्याआधी शेवटचा प्रश्न असा असावा: आपण काय तपासतच नाही?

मग छाटणी. "ग्राहकाचं समाधान", "वेळेवर पोहोच" हे परिणाम आहेत, ते काढून टाका. "देठ वाळणं" हे लक्षण आहे. त्याच्या मागे जा, तर बहुतेक वेळा दिसतं की क्रेट बागेच्या बांधावर उन्हात गाडीची वाट पाहत राहिले. घटक म्हणून लिहायचं ते "काढणी ते प्री-कूलिंग वेळ". सहा ते आठ घटकांच्या वर जाऊ नये. जोड्या लावून तुलना करायची असते आणि ८ घटकांच्या २८ जोड्या होतात, १५ घटकांच्या १०५. पन्नासाव्या जोडीनंतर माणूस कंटाळून कुठलाही आकडा टाकतो.

क्रम लावायला थॉमस साटी यांची एएचपी, म्हणजे जोड्यांच्या तुलनेतून महत्त्व ठरवायची पद्धत सोपी पडते. दोन घटक समोर ठेवायचे, कोणता किती पटीने महत्त्वाचा ते १ ते ९ मध्ये सांगायचं, उलट बाजूला १/३, १/५ असं लिहायचं. समजा चार घटक आहेत: रेसिड्यू, काढणी ते प्री-कूलिंग वेळ, मालाची प्रत, जहाजाचं वेळापत्रक. रेसिड्यूला बाकीच्यांसमोर अनुक्रमे २, ३, ५. प्री-कूलिंगला प्रतीसमोर २ आणि जहाजासमोर ३. प्रतीला जहाजासमोर २. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीतल्या चार आकड्यांचा (घटकाला स्वतःसमोर १) गुणाकार करून चौथं मूळ काढा आणि बेरजेने भागा. भार, म्हणजे प्रत्येकाच्या महत्त्वाचा वाटा, येतात ०.४८, ०.२७, ०.१६, ०.०९.

इथेच बरेच प्रकल्प-अहवाल फसतात. हे भार लावून दोन लॉटना शंभरपैकी गुण द्या. पहिल्या लॉटचा रेसिड्यू नापास, म्हणजे ०. बाकी सगळं १००. एकूण ५२. दुसरा लॉट चारही बाबतीत मध्यम, ५०. कागदावर पहिला लॉट सरस ठरतो, आणि प्रत्यक्षात तो युरोपच्या हद्दीत शिरूच शकत नाही. भारित सरासरीत एका घटकाची उणीव दुसरा भरून काढतो; रेसिड्यूची उणीव थंडावा किंवा गोडी कधीच भरून काढत नाही. माझं ठाम मत आहे की रेसिड्यूला क्रमवारीत घेऊच नये. तो उंबरठा आहे: पास किंवा नापास. तो ओलांडलेल्या मालापुरतीच उरलेल्या तिघांची क्रमवारी लावा. वरच्याच तुलना ठेवल्या तर भार होतात ०.५४, ०.३० आणि ०.१६.

उत्तरांतली सुसंगती तपासल्याशिवाय भार वापरू नका. कोणी म्हणालं, प्री-कूलिंग प्रतीपेक्षा ३ पट, प्रत पॅकिंगपेक्षा ३ पट आणि पॅकिंग प्री-कूलिंगपेक्षा ३ पट, तर गणित निमूटपणे तिघांना ०.३३ देतं. तक्ता नीटनेटका दिसतो, पण तो गोल फिरलेला आहे. त्याचं विसंगती-गुणोत्तर, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत ते मोजणारा आकडा, येतं १.१५, चालतं ते ०.१० पर्यंत. अशा वेळी आकडे आपणच दुरुस्त करू नयेत, त्या माणसाला ती जोडी पुन्हा विचारावी. अनेकांची मतं एकत्र करताना साधी सरासरीही नको. एक ५ म्हणाला आणि दुसरा १/५, तर साधी सरासरी २.६ येते आणि पहिल्याचं पारडं जड होतं. भूमितीय मध्य (दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) १ येतो, तोच बरोबर.

क्रमवारी दर हंगामाला तपासावी. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि न्हावा शेवा ते रॉटरडॅम प्रवास साधारण दहा-पंधरा दिवसांनी लांबला. अशा वेळी जहाजाचा भार वाढवायचा मोह होतो. पण जहाज निर्यातदाराच्या हातात नाही. वाढतो तो प्री-कूलिंगचा भार, कारण प्रवास लांबला की सुरुवातीला गमावलेले तास सोसायला मालात दम उरत नाही. तीच गत सल्फर डायऑक्साइड सोडणाऱ्या पॅडची: मणी पुरते थंड न करता पेटी बंद केली तर आत पाणी सुटतं, पॅड एकदम वायू सोडतो, देठाजवळ मणी पांढरे पडतात आणि शेवटच्या आठवड्यात बुरशी रोखायला पॅडमध्ये काही शिल्लक राहत नाही.

भार मोठा म्हणून पैसा तिथेच टाकावा असंही नाही. भारासोबत सध्याची स्थिती लिहा. प्री-कूलिंगचा भार ०.५४ असून काढणीपासून चार तासांत माल आत जात असेल आणि गराचं तापमान ४ अंशांपर्यंत उतरत असेल, तर नवी चेंबर बांधायची गरज नाही. पैसा प्रतीकडे, म्हणजे घडातल्या मण्यांच्या विरळणीकडे वळवा. मात्र "चार तासांत जातो" हे तोंडी ऐकून लिहू नये. आवक रजिस्टरला तीन रकाने जोडा: पहिला क्रेट तोडल्याची वेळ, चेंबरचं दार बंद झाल्याची वेळ, आणि बाहेर काढताना मण्यात सुई खुपसून घेतलेलं तापमान. तिसरा रकाना बऱ्याचदा चुकून हवेच्या तापमानाने भरला जातो; तसं करायचं नाही, एवढं सुपरवायझरला पहिल्याच दिवशी समजावून सांगा.