वाळवीची हमी आणि कुंपणाजवळचे वारूळ: माझा अनुभव

पाच वर्षांची लेखी हमी हातात असताना दुसऱ्याच पावसाळ्यात आमच्या देवघराच्या चौकटीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या पुन्हा चढल्या. त्या हमीप्रमाणे कंपनीकडून विनामूल्य फेरउपचार करून घेण्यासाठी जो खटाटोप करावा लागला, त्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही. परंतु कोकणात जांभ्याच्या घरात राहणाऱ्या अनेकांवर केव्हा ना केव्हा हीच पाळी येते, म्हणून तो तपशिलाने लिहीत आहे.

आमचे घर गुहागर तालुक्यातील एका वाडीत आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, जुन्या भागात सांधे मातीचे, माजघराला कोबा आणि ओटीवर अलीकडे बसवलेली लादी. मातीच्या सांध्यांतून वाळवीला आतल्या आत वर चढता येते, त्यामुळे बाहेरून भिंत स्वच्छ दिसत राहते आणि एके दिवशी कपाटामागची फळी बोटाने दाबली की बोट आत जाते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमते, तिची कोणी फारशी दखल घेत नाही. परंतु तीच पाखरे घराच्या आतून, चौकटीच्या किंवा कोब्याच्या फटीतून बाहेर पडताना दिसली, तर वसाहत घराखाली किंवा भिंतीत आहे असे समजून त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.

मस्कतला नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाने फोनवर सुचवले होते की आधी ओलावा तोडावा. त्याच्याकडे ते खरे आहे. वाळवंटी प्रदेशातील वाळवी ओलाव्याच्या मागावर घरात शिरते. गळका नळ, न्हाणीघराच्या फरशीखालची ओल, भिंतीला लागून केलेल्या बागेचे पाणी एवढे आवरले की तिथे तिचे बळ बरेच कमी होते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर जमीनच पाण्याने भरलेली असते, तेव्हा ओलावा तोडण्याच्या सल्ल्यावर विसंबून चालत नाही. इथे जमिनीत औषधाचा पट्टा तयार करणे हाच मुख्य उपाय आहे.

पहिल्या उपचाराबद्दल सांगण्यासारखे फार थोडे आहे. कंपनीचा माणूस आला, त्याने घर आणि परसू पाहून तपासणी पत्रक भरले, चौरस फुटावर दर सांगितला, ठरल्या दिवशी दोन तरुणांनी येऊन काम केले आणि जाताना हमीपत्र दिले. ते तरुण कामाला चोख होते, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे घडले त्यात त्यांचा काहीही दोष नव्हता.

दुसऱ्या वर्षी देवघरात नळ्या दिसल्यावर मी त्या पुसल्या नाहीत आणि आईलाही पुसू दिल्या नाहीत. रॉकेल किंवा फवाऱ्याच्या डब्यातील औषध मारले की समोर दिसणारी वाळवी मरते, उरलेली वाट बदलते आणि तपासायला आलेल्या माणसाला दाखवायला काही उरत नाही. नळीचा बोटभर तुकडा मोडून ठेवावा. दोन-चार दिवसांत तो ओल्या मातीने पुन्हा जोडला गेला, तर वाळवी जिवंत आहे. त्या जोडलेल्या तुकड्याचे आधीचे आणि नंतरचे छायाचित्र तारखेसह काढून मी कंपनीच्या शाखेला पाठवले.

पहिले उत्तर आले की पावसाळा संपल्यावर पाहू. हे म्हणणे अर्धे खरे होते आणि तेवढ्यापुरते मी ते मान्य केले. जमीन पावसाने भिजलेली असताना ओतलेले औषध मातीत नीट शोषले जात नाही, ते पाण्याबरोबर वाहून जाऊ शकते. म्हणून भर पावसात बाहेरच्या बाजूचा उपचार करू नये हेच योग्य. परंतु उपचार थांबवणे वेगळे आणि तक्रारीची नोंद थांबवणे वेगळे. मी तक्रार क्रमांक मागितला तेव्हा मला सांगण्यात आले की क्रमांक तपासणीनंतर मिळतो, आणि तपासणी पावसानंतर होते. अशा वेळी अजिबात गप्प बसू नये. हमीचा काळ पुढे सरकत असतो, आणि लागण नेमकी कधी कळवली हे पुढे सिद्ध करावे लागते. मी त्याच दिवशी शाखेला ईमेल करून तक्रार लेखी दिली.

दिवाळीनंतर तपासणी झाली आणि खरी अडवणूक तिथून सुरू झाली. शाखा व्यवस्थापकांनी सांगितले, “देवघराचा भाग उपचारात नव्हताच. ही नवी लागण आहे, तिचे वेगळे पैसे पडतील.” कामाच्या पावतीवर केवळ ‘तळमजला, वाळवी उपचार’ एवढेच लिहिलेले होते, कोणत्या खोल्या, किती छिद्रे, कोणते औषध, किती लिटर, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता. तसा नकाशा आणि तपशील कंपनीने स्वतःहून द्यायला हवा होता, कारण त्याच्यावाचून हमी कशाची आहे हेच ठरत नाही. काम सुरू होण्यापूर्वी घराचा साधा हातनकाशा कागदावर काढून घ्यावा, त्यावर उपचाराच्या रेषा मारून कंपनीच्या माणसाची सही घ्यावी. एवढा एक कागद हाती असता तर माझा सगळा हिवाळा वाचला असता.

कागद नव्हता, परंतु फरशी साक्षीला होती. बांधलेल्या इमारतीतील वाळवीच्या उपचारासाठी भारतीय मानक आयएस 6313 चा तिसरा भाग आहे. त्यानुसार भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे साधारण 30 सेंटीमीटर अंतरावर 12 मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून प्रत्येक छिद्रात, ते औषध घेईनासे होईपर्यंत किंवा जास्तीत जास्त एक लिटर, मिश्रण सोडायचे असते आणि मग छिद्र बुजवायचे असते. त्या दोन तरुणांनी देवघरातही हेच केले होते. मी देवघराचे चौरंग आणि पाट बाजूला केले, कोब्यावरचे, छिद्रे बुजवलेल्या जागचे पांढऱ्या सिमेंटचे ठिपके पुसून स्वच्छ केले, शेजारी मोजपट्टी लावली आणि एकेका ठिपक्याचे छायाचित्र काढले. अंतर जवळजवळ सर्वत्र 30 सेंटीमीटरच होते. ही छायाचित्रे शाखेत टेबलावर मांडली तेव्हा ‘देवघर उपचारात नव्हते’ हा मुद्दा त्यांना सोडावा लागला. त्या क्षणी मला फार समाधान वाटले, आणि ते लपवावे असे मला वाटत नाही.

मात्र लगेचच दुसरा मुद्दा पुढे आला. आमच्या कुंपणाजवळ करंजाच्या बुंध्याशी एक जुने वारूळ आहे. व्यवस्थापक म्हणाले, “आवारात वारूळ आहे. ते काढल्याशिवाय हमी लागू होत नाही.” नागपंचमीला आई त्या वारुळाला दूध-लाह्या वाहते, तिच्या सासूबाईही वाहत असत. ते खणण्याची गोष्ट तिच्या कानावर घातली तेव्हा तिने एकाच वाक्यात विषय संपवला: “घर पुन्हा बांधू, पण वारुळाला कुदळ लागणार नाही.” मी तिच्या बाजूने उभा राहिलो आणि आजही आहे.

वारुळावर उपचार करणे शास्त्राला सोडून आहे असे माझे म्हणणे नाही. बांधकामाच्या जागेवर वारूळ असेल तर पहारीने त्यात छिद्रे पाडून औषध सोडण्याची पद्धत आहे. माझा आक्षेप वेगळा होता. घराच्या पायाभोवती औषधाचा अखंड पट्टा तयार करायचा, म्हणजे बाहेरच्या वसाहतीतून येणारी वाळवी त्या पट्ट्यात मरेल, हेच तर या उपचाराचे तत्त्व आहे. आणि कंपनीने पैसे घेतले ते त्या पट्ट्याचे. शिवाय त्यांच्याच तपासणी पत्रकावर, पैसे घेण्यापूर्वी, त्यांच्याच माणसाने ‘आवारात वारूळ, पूर्व बाजू’ असे लिहिले होते. हमीपत्राच्या अटींत वारुळाचा शब्दही नव्हता. जी अडचण आधी दिसली, लिहिली गेली आणि जिच्यासह काम स्वीकारले गेले, ती नंतर हमी नाकारण्याचे कारण कशी होते? शाखेत या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. ‘वरून विचारतो’ एवढेच मिळाले, आणि वरून काही येईना. फोन केला की साहेब बाहेर गेलेले असत, गेलो की ते रत्नागिरीला असत.

तपासणी पत्रकाची प्रत जपून ठेवा, हे मी आता सर्वांना सांगतो. लोक हमीपत्र कपाटात ठेवतात आणि तपासणी पत्रक कामाच्या दिवशीच रद्दीत टाकतात.

शेवटी मी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पोस्टाने, पोच मागवून, पत्र पाठवले. त्यात संताप व्यक्त केला नाही. तारखा लिहिल्या, छायाचित्रे जोडली आणि तीन गोष्टी मागितल्या. पहिली, हमीपत्रातील कोणत्या कलमाखाली वारुळामुळे हमी रद्द होते ते लेखी कळवावे. दुसरी, वापरलेल्या औषधाचे नाव, त्यातील घटकाचे प्रमाण आणि एकूण किती लिटर मिश्रण वापरले ते कळवावे. तिसरी, कीटकनाशक कायदा 1968 आणि त्याखालील 1971 चे नियम यांनुसार कंपनीकडे असलेल्या परवान्याची प्रत द्यावी. ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, असे शेवटी लिहिले. ही पोकळ धमकी नव्हती. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याच वेळी 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावरही तक्रार नोंदवली.

पत्र पोहोचल्यानंतर सूर एकदम बदलला. मुख्य कार्यालयातून एका अधिकारी बाईंचा फोन आला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, वारुळाची अट हमीत नाही हे मान्य केले आणि फेरउपचाराचा दिवस ठरवला. इतके साधे होते तर शाखेने आम्हाला एवढे महिने का ताटकळत ठेवले, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

फेरउपचार जानेवारीत झाला. या वेळी मी प्रत्येक टप्प्यावर उभा होतो. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के हे औषध वापरले गेले. त्याचे प्रमाण एक लिटर पाण्याला 2.1 मिलिलिटर असते. यावरून एक हिशेब करता येतो: 250 मिलिलिटरच्या बाटलीतून सुमारे 119 लिटर मिश्रण होते, म्हणजे छिद्रामागे एक लिटरपर्यंत धरले तर, छिद्रे शंभरावर असतील आणि बाटली अर्धी शिल्लक राहिली, तर औषध कमी पडले असण्याची शक्यता आहे. बाटली सीलबंद आहे हे पाहूनच समोर उघडायला सांगावी. क्लोरपायरिफॉस 20 टक्के वापरणार असतील तर त्याचे प्रमाण लिटरला 50 मिलिलिटर असते. मात्र त्याचा उग्र वास घरात बरेच दिवस राहतो, तेव्हा घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर आधीच विचारून घ्यावे. पूर्वेकडे, वारुळाच्या बाजूला, बाहेरच्या भिंतीलगतच्या मातीत त्यांनी अधिक काळजीने औषध सोडले. वारूळ आहे तिथेच आहे.

विहिरीबद्दल सांगायचे राहिले, आणि कोकणात ते सर्वांत महत्त्वाचे आहे. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झपाट्याने खाली जाते. विहीर भिंतीजवळ असेल तर त्या बाजूला बाहेरून औषध ओतू देऊ नये. हे तपासणीच्या वेळीच बोलून पत्रकावर लिहून घ्यावे.

देवघराची कुजलेली चौकट उपचारानंतरच बदलली. आमच्या सुतारकाकांनी आंब्याचे लाकूड स्पष्ट नाकारले आणि सागाच्या गाभ्याचे घेतले; सागाचा असला तरी कडेचा पांढरा भाग वाळवी खाते, तो तासून काढायला लावावा. जमिनीला आणि भिंतीला टेकणाऱ्या बाजूंना त्यांनी काजूच्या टरफलांचे तेल दोन हात दिले. ते तेल कातडीवर पडले तर भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून हातमोजे घालूनच लावावे. सरपणाची रास आम्ही भिंतीपासून दूर, चिऱ्यांवर रचली आहे.

हमीपत्रावर दरवर्षी एक विनामूल्य तपासणी लिहिलेली आहे. यंदाच्या तपासणीसाठी मी शाखेला लेखी आठवण दिली आहे. तिची पोच अजून आलेली नाही.