विमानतळावर मोजता तसं आमच्या गावातही मोजा

पर्यटन मंत्रालयाचा परदेशी पाहुण्यांचा आकडा आला की आमच्या हॉटेलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो दिवसभर फिरतो आणि मग सगळ्यांचा एकच प्रश्न, एवढे लोक आले तर संभाजीनगरात काहून दिसेनात? २०१९ ला देशात १ कोटी ९ लाख परदेशी आले होते, २०२० मधे कोरोनानं ते २७ लाखांवर आले, २०२१ ला तर जेमतेम १५ लाख, आणि २०२३ पर्यंत परत ९५ लाखांच्या आसपास गेले. म्हणजे देशाची गाडी बऱ्यापैकी रुळावर आली.

पण हा आकडा कसा तयार होतो ते बघा. परदेशी पासपोर्टवाला माणूस इमिग्रेशनच्या काउंटरवरून आत आला की एक धरला, तोच माणूस मधेच नेपाळला जाऊन परत आला की दोन. त्यात फिरायला आलेला असतो, ऑफिसच्या कामाला आलेला असतो, बांगलादेशातून दवाखान्यासाठी आलेला असतो, अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेला आपलाच कुणाचा तरी पुतण्या पण असतो. मुंबईला उतरलेल्यातला कोण पुढं वेरूळ-अजिंठ्याला आला आणि कोण गोव्याला गेला, हे त्या आकड्यात कुठंच नसतं.

व्हिसाचं काम मात्र खरंच सोपं झालंय, हे मी मनापासून म्हणतो. नोव्हेंबर २०१४ मधे ४३ देशांसाठी ऑनलाइन सोय सुरू झाली, आता दीडशेच्या वर देशांना ई-व्हिसा मिळतो. ३० दिवसांचा, एक वर्षाचा, पाच वर्षांचा असे प्रकार आहेत, घरी बसून फोटो आणि पासपोर्टचं पान अपलोड करायचं, मंजुरीची प्रिंट घेऊन यायचं, उतरल्यावर बोटांचे ठसे घेऊन शिक्का मारतात. फक्त सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या खाजगी साइट लै आहेत, त्या जास्तीचे पैसे उकळतात, म्हणून बुकिंग आलं की मी पाहुण्याला पहिल्यांदा सरकारी साइटचीच लिंक पाठवतो.

आता माझा खरा मुद्दा. परदेशी पाहुणा चेक-इन झाला की २४ तासांच्या आत आम्हाला त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म भरावा लागतो, त्याला आधी सी-फॉर्म म्हणायचे. पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर आणि तो कुठं मिळाला, भारतात कधी उतरला, आमच्याकडं यायच्या आधी कुठं होता, इथून कुठं जाणार, सगळं ऑनलाइन, फोटोसकट. रात्री अकराला थकलेले जपानी आजी-आजोबा रिसेप्शनच्या खुर्चीत बसलेले असतात आणि आमचा पोरगा एकेक अक्षर बघून पासपोर्ट नंबर टाकत असतो. लॉज असो का मोठं हॉटेल, नियम सगळ्यांना सारखा. म्हणजे संभाजीनगरात, नांदेडात, लातुरात कोणत्या देशाचा माणूस किती रात्री राहिला याची नोंद सरकारकडं आधीच पडून आहे! नाव-गाव काहीच नको, नुसता जिल्हावार रात्रींचा आकडा दर महिन्याला जाहीर करा. आम्ही तो फॉर्म भरतोच आहोत, नवीन काहीच करायचं नाहीये.

हे लै महत्त्वाचंय, कारण आपल्याकडं बरेच लोक सकाळच्या विमानानं येतात, गाडी करून लेणी बघतात आणि लगेच पुढं निघतात. लेण्यांचं ६०० रुपयांचं तिकीट ते काढतात, पण जेवण, खोली, पैठणीचं दुकान, अजिंठ्याजवळच्या फर्दापूरचा चहावाला यांच्या हाती काय लागतं? अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून हजची विमानं उडालेली आहेत, म्हणजे इमिग्रेशनचे काउंटर तिथं लावता येतात हे सिद्ध झालेलंय. बौद्ध देशांतून हिवाळ्यात थेट विमान मागायचं तर हातात आकडा पाहिजे, नुसत्या निवेदनांवर कोण विचारतंय.

तोवर कुणाचे पाहुणे येणार असतील तर एवढं सांगून ठेवा: सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. रविवारी संध्याकाळी पोचायचं, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, म्हणजे दोन रात्री तरी इथंच पडतात.