लोम्बोकच्या दक्षिण किनाऱ्यावर नऊ दिवस : सेलोंग बेलानाक, आमचा न घेतलेला प्लॉट आणि इनाकची पिशवी

आधीच सांगते, लोम्बोकला (बालीशेजारचं इंडोनेशियाचं बेट) फिरायला मी गेले होते, नवरा गेला होता प्लॉट बघायला. त्याच्या सिंगापूरच्या मित्राने डोक्यात भरवलं होतं की बाली आता भरलं, पुढचं बाली म्हणजे लोम्बोक, आत्ता घेतलं तर घेतलं. सासरी गुहागरजवळ आमची स्वतःची समुद्राला लागून जमीन आहे, सातबारावर चौदा नावं, निम्म्या चुलत्यांचं एकमेकांशी बोलणं नाही, आणि हा बाबा निघाला इंडोनेशियात जमीन घ्यायला. असो.

जायचं कसं तर आम्ही मुंबई-क्वालालंपूर आणि तिथून थेट लोम्बोक असं गेलो. विमानतळ प्रायाजवळ आहे, म्हणजे दक्षिण किनाऱ्यासाठी एकदम सोयीचं, कुटा अर्ध्या तासावर आणि आमचं सेलोंग बेलानाक साधारण पाऊण तासावर. (हे लोम्बोकचं कुटा, बालीचं वेगळं, बुकिंग करताना दोनदा बघा.) आधीच बालीत असाल तर पादांगबाईहून लेंबारला मोठी फेरी जाते, चार-पाच तास लागतात, स्वस्त आहे आणि गाडीसकट जाता येतं. व्हिसा ऑन अरायव्हल आपल्याला मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवसांचा, एकदा वाढवून मिळतो. पाच लाख ऐकून धस्स होतं पण शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याला साडेपाचने गुणायचं, की साधारण आपले रुपये निघतात. कॅश विमानतळावर किंवा कुटाला काढून ठेवा, गावात एटीएमच्या भरवशावर राहू नका.

सेलोंग बेलानाक म्हणजे लांबच लांब अर्धगोल किनारा, पांढरी वाळू, लाट एवढी मऊ की सर्फिंग शिकणारे सगळे इथेच येऊन पडत असतात. संध्याकाळी म्हशींचा कळप वाळूवरून घरी जातो, त्याचे फोटो तुम्ही बघितले असतीलच. पण किनाऱ्यामागे दोन वळणं घेतली की खरं गाव लागतं, भातखाचरं, डोंगरावर मका, कोंबड्या, मशिदी. लोक सासाक, बहुतेक सगळे मुसलमान. बीचवर कोणी काही बोलत नाही पण गावातून पोहण्याच्या कपड्यात फिरू नका, एक सारोंग कायम पिशवीत ठेवा. शुक्रवारी दुपारी बाराच्या पुढे दोनेक तास सगळं थंड असतं, त्या वेळेत पंक्चर काढायला निघाला असाल तर बसा वाट बघत.

आम्ही एका कुटुंबाकडे होमस्टेला होतो. मालकीणबाईंना सगळे 'इनाक' म्हणायचे, सासाकमध्ये इनाक म्हणजे आई, वडील म्हणजे 'अमाक', आणि पहिलं मूल झालं की माणसाला त्या मुलाचे अमाक-इनाक म्हणूनच हाक मारतात, आपल्याकडे 'बंड्याची आई' म्हणतात तसंच. अंगणात बेरुगाक, म्हणजे चार खांबांवर छप्पर आणि मधे गुडघाभर उंच बांबूचा ओटा. सगळा संसार त्या ओट्यावर, जेवण तिथे, पाहुणे तिथे, दुपारची झोप तिथे आणि व्यवहारही तिथेच. कॉफी मिळते ती तांदूळ घालून भाजलेली, तळाला चिखलासारखा गाळ बसतो, ढवळू नका. जेवायला प्लेचिंग कांगकुंग नक्की खा, पाण्यातली पालेभाजी उकडून वर मिरची-टोमॅटोचा झणझणीत सांबल, मला घरच्यासारखं वाटलं आणि नवऱ्याच्या डोळ्यातून पाणी. व्हेज खाणाऱ्यांनी 'तेरासी' नको म्हणून आधीच सांगायचं, ती कोळंबीची पेस्ट असते आणि ती सगळ्यात असते. जाता-येता सादे गाव लागेल तिथे थांबा, जुन्या सासाक घरांची जमीन अजून म्हशीच्या शेणाने सारवतात, टुरिस्ट लोक नाकाला रुमाल लावून उभे होते आणि मला आजोळची पडवी आठवत होती.

आता सेफ्टीचं, कारण सगळे तेच विचारतात. पहिल्याच संध्याकाळी अमाक, म्हणजे इनाकचे यजमान, आमचे पासपोर्टचे फोटो घेऊन कादुसकडे गेले. कादुस म्हणजे वाडीचा प्रमुख, त्याच्या वर देसाचा, म्हणजे अख्ख्या गावाचा, प्रमुख. गावागावात पाटी असते, 'तामु वाजिब लापोर', म्हणजे पाहुण्याने चोवीस तासांत नोंद करायलाच हवी. नवरा वैतागला की ही काय हेरगिरी, पण खरी सिक्युरिटी तीच आहे. रात्री वाडीतले पुरुष आळीपाळीने रोंदाला बसतात, कोपऱ्यावर एक छोटी टपरी, लाकडाचा पोकळ ठोकळा टांगलेला, त्याला केंतोंगान म्हणतात, काही झालं की तो बडवायचा. एरवी पत्ते आणि सिगरेटी. म्हणजे तुम्ही कोण, कोणाकडे उतरलात हे सगळ्या वाडीला ठाऊक असतं, आणि जिथे कोणालाच ठाऊक नसतं तिथे प्रॉब्लेम होतो, टेकडीवरचे एकटे व्हिला, रात्रीचे रिकामे रस्ते.

आमचा प्रॉब्लेम मात्र दिवसाढवळ्याच झाला. दुसऱ्या एका बीचला गेलो, मोबाईल स्कूटरच्या पुढच्या खणात ठेवून मी गॉगल शोधत पाच मिनिटं मागे गेले, परत आले तर मोबाईल नाही. पूर्णपणे माझा गाढवपणा. घरी येऊन इनाकला सांगितलं तर ती माझ्यापेक्षा जास्त रडकुंडीला, पाहुण्याची वस्तू गेली म्हणजे घराची अब्रू गेली. अमाक आणि कादुस स्कूटर काढून त्या गावच्या कादुसकडे गेले, काय बोलणं झालं कळलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल बेरुगाकवर. 'सापडला' एवढंच. अमाक म्हणाले आणून देणाऱ्याला २ लाख रुपिया द्या, दिले. चोराला बक्षीस का म्हणून नवरा दिवसभर धुमसत होता, मला तर स्वस्तात सुटलो असंच वाटलं. इन्शुरन्स क्लेम करायचा असेल तर पोलिसांकडून हरवल्याचा दाखला घ्यावाच लागतो, त्यात अर्धा दिवस धरा. आणि कुटा ते सेलोंग बेलानाक रस्ता दिवसा अप्रतिम आहे, रात्री स्कूटरवर टाळा, पूर्वी या पट्ट्यात वाटमारी व्हायची, शिवाय दिवे नाहीत, वळणावर वाळू, मधेच म्हैस. इंटरनॅशनल लायसन्स आणि हेल्मेट पाहिजेच. आराक म्हणून गावठी दारू मिळते, तिला हात लावू नका, मिथेनॉलच्या विषबाधेने इंडोनेशियात टुरिस्ट मेलेले आहेत.

प्लॉटची गोष्ट. एजंट 'आरे'मध्ये भाव सांगतो, अमुक कोटी रुपिया पर आरे, आणि आम्ही दोघं हसायलाच लागलो कारण तो आपल्या सातबारावरचाच आर, १०० चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा. पुढे तर माहेरी आल्यासारखंच, वारस म्हणजे 'वारिस', साक्षीदार म्हणजे 'साक्सी', दंड म्हणजे 'देंदा'. आणि भानगडीही त्याच. टेकडीवरचा प्लॉट दाखवला, समोर निळाशार समुद्र, नवरा विरघळला. मी विचारलं वहिवाट कुठून? तर शेजाऱ्याच्या मक्यातून, तो नाही म्हणणार नाही म्हणे. पाणी? टँकर. दक्षिण लोम्बोक कोरडं आहे, मे ते ऑक्टोबर पाऊस जवळजवळ नाही, गावातच टँकर येतात तिथे तुमच्या स्विमिंग पूलला कोण पाणी देणार. कागद? एजंटने पिपिल काढला. पिपिल म्हणजे जुना शेतसाऱ्याचा कागद, तो दाखवून मालकी सांगणं म्हणजे घरपट्टीची पावती दाखवून घर माझं म्हणण्यासारखं. खरा कागद म्हणजे जमीन खात्याचं, बीपीएनचं सर्टिफिकेट. ते नाही, आणि वारीस सात, त्यातले दोन मलेशियात मजुरीला.

आणि मुळात परदेशी माणसाला तिथे मालकी मिळतच नाही. १९६० च्या जमीन कायद्याने हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला. आपल्याला हाक पाकाई म्हणजे वापराचा हक्क, किंवा भाडेपट्टा, बहुतेक २५-३० वर्षांचा, किंवा कंपनी काढून बांधकामाचा हक्क. एजंट हळूच सुचवतो की लोकल माणसाच्या नावावर घ्या, बाजूला करार करून ठेवू. तो करार कायद्याने रद्द धरला जातो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते, त्यामुळे कितीही गोड माणूस असला तरी नको. बीचला चिकटून असलेला प्लॉट तर बघूच नका, सर्वात वरच्या भरतीरेषेपासून किमान १०० मीटर किनारपट्टा मोकळा ठेवायचा नियम आहे, आपलं सीआरझेड तसं. ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी पैसे देण्याआधी सर्टिफिकेट बीपीएनमध्ये तपासून घ्यावं, नोटरी स्वतःचा लावावा, एजंटचा नको, आणि एजंटला न सांगता एकदा कादुससोबत कॉफी प्यावी. आमच्या अमाकनी प्लॉटचं नाव ऐकून नुसतं 'हम्म' केलं, त्यातच आम्ही काय ते समजलो.

सातव्या रात्री जमीन हलली. फार नाही, पलंग कोणीतरी हलवल्यासारखा चार-पाच सेकंद, पण मी उठून चप्पल शोधेपर्यंत घरातले सगळे अंगणात होते, धाकटं पोर कडेवर आणि इनाकच्या हातात एक जाड प्लास्टिकची पिशवी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये इथे मोठा भूकंप झाला, ५०० च्या वर माणसं गेली, बहुतेक उत्तर लोम्बोकमध्ये, पण दक्षिणेतही हे लोक कितीतरी रात्री अंगणात झोपले. तेव्हापासून पिशवी दाराच्या खिळ्याला. सकाळी तिने उघडून दाखवली, ओळखपत्रं, कुटुंबाचं कार्ड, पोरांचे दाखले, थोडं सोनं, आणि सगळ्यात आत घडी घातलेलं हिरव्या कव्हरचं जमिनीचं सर्टिफिकेट. बारा आरे. सर्टिफिकेट तिच्या नावावर आहे, अमाकच्या नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

त्सुनामीचा धोका या किनाऱ्याला खराच आहे, १९७७ मध्ये सुंबा बेटाच्या दक्षिणेला भूकंप झाला तेव्हा लाटा लोम्बोकच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत आल्या होत्या. तिथे शिकवतात ते २०-२०-२० पाठ करा : २० सेकंद हादरा जाणवला तर तुमच्याकडे साधारण २० मिनिटं आहेत, २० मीटर उंचीवर जा. भोंग्याची वाट बघायची नाही, सामान गोळा करायचं नाही. पोचल्या दिवशीच 'जालुर एवाकुआसी'ची, म्हणजे उंचावर सुटकेच्या वाटेची, पाटी कुठे जाते ते चालून बघा, आम्ही आठव्या दिवशी बघितलं, हा शहाणपणा उशिराचा. फोनवर तिथल्या हवामान-भूकंप खात्याचं इन्फो बीएमकेजी ॲप टाका, भूकंपाची सूचना लगेच येते. पोहायला सेलोंग बेलानाक ठीक, मावी बीचला खाली खडक आणि ओढ जबरदस्त, तिथे नुसते फोटो काढा. खडकाने पाय कापला तर गावाजवळ पुस्केस्मास असतं, आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, टाके वगैरे तिथे होतात, मोठं काही असेल तर प्राया किंवा मातारामला न्यावं लागतं, म्हणून इन्शुरन्स काढूनच जा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बाऊ न्याले असतं, रात्रभर जागून पहाटे समुद्रातले रंगीत किडे पकडायचा सण, तारीख चंद्रावर ठरते, तेव्हा जायचं असेल तर खोली फार आधी बघा. निघताना इनाकने नको नको म्हणत असतानाही दोन किलो कॉफी दिली, क्वालालंपूरला बॅगचं वजन भरलं दीड किलो जास्त, नवऱ्याने तिथेच उभं राहून एजंटचे ब्रोशर काढून कचऱ्यात टाकले, ते सगळे मिळून चारशे ग्रॅमसुद्धा भरले नाहीत.