सातकर्णीने आधीच करून ठेवलेला लोगो

गेले तीन महिने आमच्या घरात नाण्यांशिवाय दुसरा विषय नाही. पैसा आलाय असं समजू नका, जुनी नाणी. नाशिकमधले पंधरा-वीस संग्राहक महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतात, चहा, चुरमुऱ्यांचा भत्ता आणि चादरीवर मांडलेल्या शिवराया (शिवकाळापासूनची तांब्याची नाणी) एवढाच कार्यक्रम. त्यातले एक काका आमच्या शेजारचे, त्यांनी मला जिन्यातच गाठलं की तू ते डिझाइन-बिझाइन करतेस ना, मग आम्हाला एक वेबसाइट करून दे आणि एक छानसं चिन्ह पण काढ. पैशाचं विचारलं तर म्हणे एक चांदवडी रुपया देतो, म्हणजे चांदवडच्या टांकसाळीतला जुना चांदीचा रुपया. (अजून दिलेला नाही.)

पहिला लोगो मी एका रात्रीत केला. सोनेरी गोल, त्यावर चमक, बाजूला भिंग. काकांनी चष्मा वर सरकवून बघितलं आणि म्हणाले, "अगं, ही सराफ बाजारातल्या दुकानाची जाहिरात झाली. आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे सोन्याचं एक नाणं नाही." राग आला, पण खरं होतं. ही मंडळी तांबट आळी आणि सराफ बाजारात मोडीत आलेल्या डब्यांमधून नाणी उचलणारी, वितळायच्या आधी. त्यांचा रंग सोनेरी नाहीच, जुन्या शिवराईचा काळपट तपकिरी आहे.

मग एका रविवारी काका मला त्र्यंबक रोडने अंजनेरीला घेऊन गेले, तिथे १९८० पासून नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे आणि संग्रहालय पण. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने फक्त त्र्यंबकेश्वरला आणि अंजनेरी चढायला गेलेय, लाज वाटली. परत येताना काकांनी जोगलटेंभीची गोष्ट सांगितली. १९०६ साली नाशिकजवळच्या या गावात १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, सगळी क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाची. आणि त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. नहपानाला हरवलं, पण त्याची नाणी वितळवत बसला नाही, त्याच्या चेहऱ्यावरच आपला तीन कमानींचा डोंगर उठवला आणि नाणं परत बाजारात सोडलं!

मी गाडीतच म्हटलं, काका, हे रीब्रँडिंग आहे. काकांना शब्द कळला नाही, पण खूश झाले.

फोटो नीट बघितले तर अजून मजा, खालून नहपानाचं नाक डोकावतं, अक्षरं एकात एक घुसलेली, ठसा कधी वर कधी डावीकडे, कारण हातोडीने मारलेला. नहपानाच्या मूळ नाण्यावर तर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत, आणि आमची मिटिंग तासभर मराठी आधी की इंग्रजी आधी यावर अडलेली. तर लोगो ठरला: चेहऱ्याची पुसट बाह्यरेषा, त्यावर डोंगराचा ठसा, मुद्दाम मध्यापासून सरकलेला. नाव इथे सांगत नाही, डोमेन घ्यायचंय.

वेबसाइटचं काम लोगोपेक्षा किचकट निघालं. मला वाटलेलं मोठ्ठे फोटो आणि थोडा इतिहास टाकला की झालं, पण संग्राहक आधी वजन बघतो, मग व्यास, मग धातू, फोटो त्यानंतर, कारण वजन बसलं नाही तर नक्कलच असण्याची शंका. म्हणून प्रत्येक नाण्याच्या पानावर ग्रॅम आणि मिलिमीटर सगळ्यात वर घेतले. दोन बाजूंच्या बटणांना मी आधी 'दर्शनी' आणि 'मागील' लिहिलं होतं, एका आजोबांनी विचारलं सरळ छापा आणि काटा का नाही लिहीत? तेच ठेवलं, अख्ख्या साइटवरची सगळ्यात भारी गोष्ट ती आणि माझी नाही. फॉन्ट 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' नावाचा घेतला, मराठी-इंग्रजी दोन्ही एकाच घरातले दिसतात आणि फुकट आहे.

संग्रह कोणाचा हे कुठेच दाखवायचं नाही असं सगळ्यांचं एकमत, चोरीची भीती, त्यामुळे मोबाइलवर काढलेल्या फोटोंमधलं लोकेशन काढून मगच चढवतो. विक्रीचा विभाग मीच नको म्हटलं. जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो, १८७८ चा कायदा आहे, आणि कोण कुठून काय आणून विकेल हे मी कशाला निस्तरू? त्याऐवजी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: नाणी चिंचेने, लिंबाने, राखेने घासू नका. एका सभासदाच्या सासूबाईंनी दिवाळीच्या साफसफाईत अठरा शिवराया लख्ख करून ठेवल्या होत्या. तो माणूस अजून त्या विषयावर बोलत नाही.

परवा स्टिकर छापायला दिले. संध्याकाळी दुकानातून फोन, "मॅडम, तुमच्या लोगोतला डोंगर सरकला होता, मी सेंटरला घेऊन पाचशे काढलेत. त्याचे एक्स्ट्रा नाही लावले."